विषाणूंची अनोळखी प्रथिनं: संगणकाच्या मदतीने त्यांचं काम कसं ओळखायचं

नव्या विषाणूचा जीनोम वाचून झाला की जनुकांची यादी मिळायला फार वेळ लागत नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. यादीत ओळीमागून ओळ ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ असंच लिहिलेलं असतं. जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंच्या, म्हणजे फेजच्या, जीनोममध्ये निम्म्याहून अधिक जनुकं अशी बिनओळखीची निघणं नेहमीचं आहे. बरेच जण इथेच थांबतात. काही जण डेटाबेस-शोधातल्या पहिल्या जुळणीचं, म्हणजे हिटचं, नाव उचलून चिकटवतात. पहिल्या सवयीने हाताशी असलेली माहिती वाया जाते. दुसरीने चुकीचं नाव डेटाबेसमध्ये शिरतं आणि तिथून पुढच्या कितीतरी जीनोममध्ये पसरतं, म्हणून ती जास्त घातक.

ही ओळख अवघड का जाते हे समजलं की पद्धत बरीचशी आपोआप सुचते. विषाणू झपाट्याने बदलतात. एकाच पूर्वजापासून आलेल्या दोन प्रथिनांमधलं अमिनो आम्लांचं साम्य काळाच्या ओघात इतकं पुसलं जातं, की साध्या तुलनेत ती एकमेकांना परकी वाटतात. पण सगळंच पुसलं जात नाही. प्रथिनाची त्रिमितीय घडी बराच काळ टिकते. क्रियाकेंद्रातली, म्हणजे रासायनिक क्रिया घडते त्या जागेतली, दोन-चार अमिनो आम्लं टिकतात. जीनोममधला जनुकांचा क्रमही पुष्कळदा टिकतो. म्हणून एकाच साक्षीदारावर विसंबू नये. एकमेकांपासून स्वतंत्र अशा अनेकांना विचारावं, त्यांचं म्हणणं वेगवेगळं नोंदवावं आणि प्रथिनाला नाव सगळ्यांत शेवटी द्यावं. या लेखाचा सगळा क्रम त्यावरच बेतलेला आहे. उदाहरणं मुख्यतः फेजची घेतली आहेत, कारण त्यांच्यासाठी खास बनवलेली साधनं भरपूर आहेत. इतर विषाणूंबाबत वेगळी काळजी लागते तिथे ती सांगितली आहे.

पायरी १: आधी तक्ता मांडा

‘कार्य’ या एका शब्दात तीन प्रश्न दडलेले असतात: प्रथिन कोणती रासायनिक क्रिया करतं, विषाणूच्या जीवनचक्रात त्याची भूमिका काय, आणि विषाणूकणात ते बसतं कुठे. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. ‘एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तोडतं’ एवढं कळलं तरी ते प्रथिन डीएनएची वीण उलगडणारं हेलिकेज आहे, की कॅप्सिडमध्ये, म्हणजे विषाणूच्या प्रथिनांच्या कवचात, डीएनए भरणारं टर्मिनेज, हे अजून ठरायचं असतं.

साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक प्रथिनाला एक ओळ द्या. रकाने असे ठेवा: लांबी, सिक्वेन्सवरून (अमिनो आम्लांच्या क्रमावरून) मिळालेले हिट, प्रोफाइलवरून (पायरी ४) मिळालेले हिट, रचनेवरून मिळालेले हिट, शेजारची जनुकं, प्रथिनाच्या अंगच्या खुणा. शेवटी निष्कर्ष आणि खात्री हे दोन रकाने ठेवा. पुराव्याचे सगळे रकाने भरल्याशिवाय या दोहोंना हात लावायचा नाही. एकदा मनात नाव बसलं की पुढचे पुरावे त्या नावाला जुळतील असेच वाचले जातात, आणि ते टाळण्याचा दुसरा सोपा उपाय मला माहीत नाही. प्रत्येक हिटसमोर डेटाबेसची आवृत्ती आणि शोधाची तारीखही लिहा.

पायरी २: जनुकांच्या सीमा तपासा

प्रथिनाचा सिक्वेन्सच चुकीचा कापला गेला असेल तर पुढचं कुठलंही साधन उपयोगाचं नाही. विषाणूंच्या बाबतीत ही शक्यता मोठी आहे, कारण त्यांचे जीनोम दाटीवाटीचे असतात. फाय-एक्स-१७४ या फेजचा जीनोम १९७७ साली वाचला गेला. केवळ ५,३८६ न्यूक्लिओटाइडांमध्ये ११ जनुकं बसलेली आहेत आणि त्यांतली काही चक्क एकमेकांवर चढलेली आहेत. जिवाणूंच्या जनुकांवर घडवलेली साधनं अशा ठिकाणी चुकतात.

प्रॉडिगल हे जिवाणूंसाठीचं मान्यताप्राप्त साधन आणि फॅनोटेट हे फेजसाठी मुद्दाम लिहिलेलं साधन, अशी दोन्ही चालवा आणि दोन याद्या शेजारी ठेवा. फॅनोटेट जास्त जनुकं देतं. त्यांत काही खोटी असतात, पण प्रॉडिगलने सोडलेली काही खरीही असतात. दोन्ही याद्यांत जे जुळत नाही तेवढंच डोळ्यांनी तपासलं तरी पुरतं.

तपासताना पुढच्या गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली म्हणजे सुरुवातीचा कोडॉन, म्हणजे तीन न्यूक्लिओटाइडांचा संकेत. तो वीस-तीस अमिनो आम्लं पुढे धरला गेला, तर प्रथिनाच्या टोकाचा सिग्नल पेप्टाइड कापला जातो आणि प्रथिन पेशीबाहेर जाणारं आहे याची खूणच नाहीशी होते.

दुसरी, जनुकाच्या पोटातलं जनुक. लॅम्डा फेजमध्ये आर-झेड-वन हे जनुक आर-झेड या जनुकाच्या आत, वेगळ्या वाचनचौकटीत (तीन-तीनचे गट वेगळ्या जागेपासून मोजून), पूर्णपणे सामावलेलं आहे. ही दोन्ही प्रथिनं मिळून यजमान जिवाणूचं बाहेरचं आवरण फोडण्याचं शेवटचं काम करतात. जनुकं एकमेकांवर फारशी येत नाहीत असं गृहीत धरणारं साधन यांतलं एक जनुक गाळतं.

तिसरी, रायबोसोमची, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची, घसरण. लांब शेपटीच्या बहुतेक फेजमध्ये टेप मेजर या शेपटीची लांबी ठरवणाऱ्या जनुकाच्या अगदी आधी दोन छोटी जनुकं असतात. त्यांच्या सीमेवर रायबोसोम काही वेळा एक न्यूक्लिओटाइड सरकतो आणि दोन्हींचं मिळून एक लांब प्रथिन बनतं. हे आपोआप सापडत नाही; तिथे जाऊन शोधावं लागतं. कोरोनाविषाणूंमध्येही हीच युक्ती आहे. सार्स-कोव्ह-२ मध्ये या घसरणीमुळे ७,०९६ अमिनो आम्लांचं एक अवाढव्य पॉलीप्रोटीन तयार होतं आणि ते कापून वेगवेगळी प्रथिनं मोकळी होतात. असं पॉलीप्रोटीन अखंड एकाच शोधात घालणं व्यर्थ. आधी कापण्याच्या जागा ओळखा आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रथिन म्हणून तपासा.

चौथी, जनुकीय संकेतावली. मानवी आतड्यातल्या काही क्रॅस-वर्गीय फेजमध्ये एक थांबा-कोडॉन थांबण्याचा इशारा न देता ग्लुटामिन किंवा ट्रिप्टोफॅनसाठी वाचला जातो. तुमच्या यादीत एरवी लांब असणारी जनुकं तुकड्या-तुकड्यांत दिसत असतील आणि सलग तीन-चार तुकडे एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना जुळत असतील, तर पर्यायी संकेतावली लावून पुन्हा पाहा. अर्थात असा तुकडा मध्ये घुसलेल्या इंट्रॉनमुळे (नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागामुळे) किंवा सिक्वेन्सिंगच्या चुकीमुळेही पडू शकतो. टी-४ फेजच्या टी-डी जनुकात असा इंट्रॉन आहे.

पायरी ३: सरळ सिक्वेन्स-शोध

ब्लास्ट हे सिक्वेन्स ताडण्याचं साधन सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे फार रेंगाळत नाही. शोध आधी युनिप्रॉटच्या स्विसप्रॉट या माणसांनी तपासलेल्या विभागात करा आणि मग मोठ्या संग्रहात जा. मोठ्या संग्रहात हिट पुष्कळ मिळतात, पण त्यांतली बहुतेक नावं दुसऱ्या कुठल्या तरी हिटवरून आपोआप आलेली असतात. दहा हिट एकच नाव सांगत असले तरी ते दहा पुरावे असतीलच असं नाही. दहाही नावं एकाच जुन्या नोंदीची नक्कल असू शकतात. हिट उघडा आणि प्रयोगाने सिद्ध झालेली मूळ नोंद कुठे आहे ते शोधा. ती सापडली नाही तर तक्त्यात तसं लिहा.

ई-व्हॅल्यू म्हणजे एवढ्या आकाराच्या डेटाबेसमध्ये इतक्या चांगल्या दर्जाचे किती हिट निव्वळ योगायोगाने मिळाले असते त्याचा अंदाज. डेटाबेसचा आकार बदलला की हा आकडाही बदलतो, म्हणून दोन वेगळ्या शोधांतल्या ई-व्हॅल्यू थेट ताडून पाहू नका. ०.००१ ही सुरुवातीची चाळणी ठीक आहे. तिच्याइतकंच महत्त्व व्याप्तीला द्या. ६०० अमिनो आम्लांच्या प्रथिनातला ८० आम्लांचाच भाग जुळत असेल, तर ओळख त्या भागाची पटली आहे, सबंध प्रथिनाची नाही. साम्य ३० टक्क्यांच्या खाली गेलं की सरळ सिक्वेन्स-शोधाचा भरवसा झपाट्याने कमी होतो. विषाणूंची बरीच प्रथिनं नेमकी तिथेच असतात.

पायरी ४: प्रोफाइलने शोध

एका सिक्वेन्सऐवजी अख्ख्या कुटुंबाची एकत्र मांडणी करून तिच्यावरून प्रोफाइल बनवतात. कुठल्या जागी कोणतं अमिनो आम्ल चालतं, कुठे अजिबात बदल चालत नाही, कुठे तुकडा गळला तरी बिघडत नाही, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. त्यामुळे सरळ तुलनेत न दिसणारे दूरचे नातेवाईक दिसू लागतात. माझ्या मते वेळ थोडा असेल तर तो सगळा याच पायरीला द्यावा.

या पायरीची ताकद क्रॅसफेजच्या कथेत स्पष्ट दिसते. २०१४ साली मानवी विष्ठेच्या मेटाजीनोममधून (नमुन्यातल्या सगळ्या जीवांच्या एकत्र वाचलेल्या डीएनएमधून) सुमारे ९७ हजार बेसजोड्यांचा हा जीनोम संगणकावर जुळवला गेला. तो अनेक माणसांच्या नमुन्यांत मुबलक होता, पण त्याच्या बहुतेक प्रथिनांना ओळखीचं साम्यच नव्हतं. २०१७ मध्ये संवेदनशील प्रोफाइल-शोधाने त्याच जीनोममधल्या बहुतांश जनुकांना संभाव्य कार्य देता आलं. कॅप्सिड, शेपटी आणि प्रतिकृतीची यंत्रणा ओळखू आली. आरएनए पॉलिमरेजशी दूरचं नातं सांगणारं एक प्रचंड प्रथिनही सापडलं. २०१८ मध्ये या गटातला पहिला फेज प्रयोगशाळेत वाढवता आला. २०२१ मध्ये त्या पॉलिमरेजची प्रत्यक्ष रचना प्रसिद्ध झाली, आणि अंदाज बरोबर होता. २०२३ मध्ये तर अख्ख्या विषाणूकणाची रचना समोर आली.

प्रत्यक्षात करायचं असं. पहिल्या चाळणीसाठी फरोका हे साधन घ्या. ते जनुकं शोधतं आणि त्यांना फ्रॉग्ज या संग्रहाशी ताडतं. फ्रॉग्ज हा जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखे एकपेशीय जीव) यांच्या विषाणूंमधल्या प्रथिनांचा ३८,८८० गटांत मांडलेला संग्रह आहे आणि त्याची कार्यवर्गवारी माणसांनी तपासलेली आहे. इतर विषाणूंसाठी व्हॉग-डीबी आणि इंटरप्रो वापरा. पीफॅमची कुटुंबं आता इंटरप्रोमध्येच पाहायला मिळतात. हॅमर या पॅकेजने हे शोध स्वतःच्या संगणकावरही चालतात.

या चाळणीत ओळख न पटलेली प्रथिनं एचएच-प्रेड या साधनाकडे न्या. ते तुमच्या प्रथिनाचंच प्रोफाइल बनवतं आणि ते इतर प्रोफाइलांशी ताडतं, त्यामुळे हॅमरपेक्षाही दूरचं दिसतं. माक्स प्लांक संस्थेच्या टूलकिटवर ते ब्राउझरमधून चालतं. निकालात ‘संभाव्यता’ हा आकडा मुख्य. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर नातं बहुधा खरं असतं. ५० ते ९५ या पट्ट्यातले हिट मात्र नीट उघडून पाहा: जुळलेला भाग किती लांब आहे, दुय्यम रचना (सर्पिल हेलिक्स आणि सरळ पट्टे यांचा क्रम) जुळते का, पहिले पाच-सहा हिट एकाच कुटुंबातले आहेत की विखुरलेले. सगळे एकाच कुटुंबातले असतील तर कमी आकडाही दखल घेण्याजोगा असतो.

कॉइल्ड-कॉइल (एकमेकींभोवती पिळलेल्या हेलिक्स) असलेली लांबलचक प्रथिनं आणि त्याच त्या दोन-तीन अमिनो आम्लांनी भरलेले भाग यांबाबत सावध राहा. ते स्नायूंतल्या मायोसिनपासून कशालाही उच्च गुणांनी जुळतात, आणि त्या जुळणीला काही अर्थ नसतो.

पायरी ५: रचना भाकित करा आणि रचनेनेच शोधा

२०२० मध्ये कॅस्प या रचना-भाकिताच्या स्पर्धेत अल्फाफोल्ड या साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीने भाकिताचा दर्जा एकदम उंचावला. पण २० कोटींहून अधिक रचनांचा अल्फाफोल्डचा मोठा संग्रह २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा त्यात विषाणूंची प्रथिनं घेतली नव्हती. ती उणीव नंतर इतर गटांनी भरून काढायला सुरुवात केली. बीएफव्हीडी या संग्रहात विषाणू-प्रथिनांच्या साडेतीन लाखांहून अधिक भाकित रचना आहेत. म्हणून आधी तिथे शोधा. तुमच्या प्रथिनाची किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाची रचना तयार मिळाली तर मोजणीचा वेळ वाचतो.

नाही मिळाली तर कोलॅबफोल्डने भाकित करा. त्याला साधा फास्टा सिक्वेन्स लागतो, बाकीची जुळवाजुळव ते स्वतः करतं. निकालात दोन गोष्टी पाहा. पीएलडीडीटी हा प्रत्येक अमिनो आम्लामागचा खात्रीचा आकडा: ९० च्या वर उत्तम, ७० ते ९० चांगला, ५० च्या खाली तो भाग जमेत धरायचा नाही, तिथे बहुधा प्रथिनाला ठरलेली घडीच नसते. पीएई हा आलेख दोन भागांची एकमेकांसापेक्ष जागा किती खात्रीची आहे ते सांगतो. त्यात वेगवेगळे चौकोन दिसले तर प्रथिनात वेगवेगळे डोमेन, म्हणजे स्वतंत्र घडीचे भाग, आहेत असं समजा. शोधाला पाठवण्याआधी कमी खात्रीची टोकं कापा आणि डोमेन सुटे करा. ही एवढी सफाई केली की निकालात पडणारा फरक पाहण्यासारखा असतो.

भाकित फसण्याचं एक कारण विषाणूंमध्ये वारंवार भेटतं. जुळवणीसाठी नातेवाईक सिक्वेन्सच थोडे असतात, त्यामुळे आकडे खाली येतात. मेटाजीनोममधले सिक्वेन्स जुळवणीत घेतले की पुष्कळदा सुधारणा होते. दुसरं कारण असं, की प्रथिन एकटं उभंच राहत नाही. शेपटीचे तंतू बहुतेकदा तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफून बनतात. एकाच साखळीचं भाकित केलं तर विस्कटलेला धागा दिसतो. अशा वेळी तीन प्रती एकत्र देऊन पुन्हा चालवा. पोर्टल प्रथिन, म्हणजे कॅप्सिडमधलं डीएनएच्या ये-जा करण्याचं दार, बारा प्रतींचं कडं बनवतं. त्याची एकटी साखळी ओळखू येते, पण कडं भाकित करून पाहिलं तर खात्री वाढते.

रचना हाती आली की फोल्डसीकने शोधा. ते त्रिमितीय रचनेला अक्षरांच्या साखळीत उतरवतं, म्हणून काही क्षणांत लाखो रचना चाळून होतात. महत्त्वाचे हिट डाली या जुन्या आणि काटेकोर साधनाने पुन्हा तपासा. टीएम-स्कोअर (दोन रचनांच्या साम्याचा ० ते १ मधला आकडा) ०.५ च्या वर असेल तर घडी साधारण एकच समजतात. मात्र तो कोणत्या प्रथिनाच्या लांबीने भागला आहे ते पाहा. छोटा तुकडा मोठ्या रचनेच्या एका कोपऱ्यात सहज बसतो.

आता सगळ्यांत जपून वापरायची गोष्ट: घडी म्हणजे कार्य नव्हे. एचके-९७ या फेजच्या कॅप्सिड प्रथिनाची घडी शेपटीवाल्या फेजमध्ये सर्वत्र आहे आणि हर्पिसविषाणूंमध्येही आहे. सिक्वेन्समध्ये मात्र साम्याचा मागमूस नाही. इथे रचनेने खरोखर मोठं नातं उघड केलं. पण तीच घडी एनकॅप्सुलिनमध्येही आहे, आणि एनकॅप्सुलिन म्हणजे जिवाणूंच्या पेशीतली प्रथिनांची कोठारं. तसंच विषाणूंच्या कॅप्सिडमध्ये पुन्हापुन्हा भेटणारी जेली-रोल घडी आपल्या शरीरातल्या टीएनएफ या संदेशवाहक प्रथिनातही सापडते. छोट्या, निव्वळ हेलिक्सच्या जुडग्यांचं तर विचारूच नका, ती कशालाही जुळतात. रचनेच्या रकान्यात म्हणून ‘एचके-९७ घडी, डालीने दुजोरा’ असं लिहा. ‘कॅप्सिड’ हा शब्द तिथे लिहू नका. त्याचा निर्णय पुढच्या पायरीत होतो.

पायरी ६: शेजार पाहा

शेपटीवाल्या फेजच्या जीनोममध्ये जनुकांची रांग बऱ्याच अंशी ठरलेली असते. छोटं टर्मिनेज, मोठं टर्मिनेज, पोर्टल, प्रोटीएज, मुख्य कॅप्सिड प्रथिन, डोकं आणि शेपटी जोडणारी छोटी प्रथिनं, शेपटीची नळी, टेप मेजर, मग शेपटीचं टोक आणि तंतू. पेशी फोडणारी जनुकं पुष्कळदा त्यापुढे. एचके-९७ घडीचं प्रथिन पोर्टल आणि प्रोटीएज यांच्या पाठोपाठ येत असेल तर ते मुख्य कॅप्सिड प्रथिन मानायला मग अडचण नाही.

या रांगेचा उपयोग रिकाम्या जागा ओळखण्यासाठीही होतो. टेप मेजर याचं सुंदर उदाहरण आहे. हे प्रथिन शेपटीची लांबी ठरवतं. लॅम्डामध्ये ते ८५३ अमिनो आम्लांचं आहे आणि शेपटी सुमारे १३५ नॅनोमीटरची. या जनुकाचा भाग गाळला की शेपटीही आखूड होते, हे १९८४ सालीच दाखवलं गेलं. म्हणून शेपटीच्या जनुकांमध्ये सगळ्यांत लांब, हेलिक्सने भरलेलं आणि कशालाही न जुळणारं प्रथिन दिसलं, तर त्याच्या अमिनो आम्लांच्या संख्येला ०.१५ ने गुणा. उत्तर सूक्ष्मदर्शकातल्या शेपटीच्या नॅनोमीटरमधल्या लांबीजवळ आलं तर सिक्वेन्सशी संबंध नसलेला एक स्वतंत्र पुरावा तुमच्या हाती आला. असे पुरावे दुर्मीळ असतात. मिळेल तिथे आवर्जून वापरा.

क्रिस्पर-विरोधी प्रथिनांचा, म्हणजे जिवाणूंची क्रिस्पर ही विषाणूविरोधी संरक्षणयंत्रणा रोखणाऱ्या प्रथिनांचा, शोधही शेजारावरून पुढे गेला. २०१३ मध्ये पहिली उदाहरणं सापडली. ही प्रथिनं छोटी आणि एकमेकांपासून इतकी भिन्न, की एकावरून दुसरं सापडेना. पण त्यांच्या शेजारी एक नियंत्रक जनुक वारंवार आढळतं हे लक्षात आलं. त्या शेजाऱ्याला शोधून नवी कुटुंबं हाती लागली.

क्लिंकरसारख्या साधनाने तुमचा जीनोम चार-पाच दूरच्या नातेवाइकांशेजारी मांडून पाहा. फार जवळचे नातेवाईक घेऊ नका. त्यांच्यात सगळंच जुळतं, म्हणून त्यातून काही कळत नाही. आणि मर्यादाही ध्यानात ठेवा: हा क्रम सर्वत्र पाळला जात नाही. टी-४ मध्ये पेशीभित्तिका फोडणारं लायसोझाइम आणि पटलाला छिद्र पाडणारं होलिन यांची जनुकं एकमेकांपासून दूर आहेत.

चयापचयाच्या जनुकांबाबत शेजार दुसऱ्या कारणासाठी पाहायचा. सायनोजिवाणूंच्या फेजमध्ये प्रकाशसंश्लेषणाचं पीएसबी-ए जनुक असतं हे २००३ मध्ये दिसून आलं आणि नंतर ते पक्कं झालं. तेव्हापासून मेटाजीनोममधल्या विषाणूंत अशी जनुकं असल्याचे दावे वाढले. मात्र विषाणूच्या तुकड्याच्या कडेला यजमानाचा डीएनए चिकटून आलेला असू शकतो. संशयित जनुकाच्या दोन्ही बाजूंना निःसंशय विषाणूची जनुकं असतील तरच पुढे जा. आधी चेक-व्ही चालवून यजमानाचा भाग वेगळा करून घ्या.

पायरी ७: अंगच्या खुणा आणि क्रियाकेंद्र

डीप-टीएमएचएमएमने पटलातून जाणारे भाग आणि सिग्नल-पीने सिग्नल पेप्टाइड शोधा. दोन्ही काही मिनिटांचं काम. १०० च्या आसपास अमिनो आम्लं, एक ते तीन पटलभाग आणि शेजारी एंडोलायसिन (पेशीभित्तिका तोडणारं एन्झाइम), असं चित्र होलिनचं असतं. सिग्नल-पीने लिपोप्रोटीनची खूण दाखवली आणि जनुक दुसऱ्या जनुकाच्या पोटात असेल, तर आर-झेड-वनसारख्या प्रथिनाचा विचार करा.

एन्झाइमचा दावा असेल तेव्हा क्रियाकेंद्र पाहिल्याशिवाय तो मान्य करू नका. जॅलव्ह्यूमध्ये जुळवणी उघडा आणि आवश्यक अमिनो आम्लं जागेवर आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. टर्मिनेजमध्ये एटीपी धरणारा वॉकर-ए पट्टा हवा, शिवाय न्यूक्लिएजच्या भागात आम्लधर्मी अवशेष हवेत. टायरोसिन रिकॉम्बिनेजमध्ये (डीएनए कापून पुन्हा जोडणाऱ्या एन्झाइममध्ये) शेवटाकडचं टायरोसिन आणि त्याच्या साथीची आर्जिनिनं हवीत. आरएनए विषाणूंच्या पॉलिमरेजमध्ये ग्लायसिन, अस्पार्टेट, अस्पार्टेट हा त्रिकूट बहुतेकदा असतो. कोरोनाविषाणूंमध्ये पहिल्या जागी सेरीन असतं, त्यामुळे पट्टा शब्दशः शोधू नका. या पॉलिमरेजचा गाभा इतका ओळखीचा आहे, की सेराटस या प्रकल्पाने २०२२ मध्ये सार्वजनिक सिक्वेन्सिंग संग्रह चाळून त्याच्या आधारे एक लाख तीस हजारांहून अधिक नवे आरएनए विषाणू नोंदवले.

घडी जुळते पण क्रियाकेंद्रातली आम्लं नाहीशी झालेली आहेत, असंही दिसेल. विषाणूंनी यजमानाकडून उचललेली एन्झाइमं पुढे निष्क्रिय होऊन बांधणीच्या किंवा बांधून ठेवण्याच्या कामाला लागल्याची उदाहरणं आहेत. अशा प्रथिनाला एन्झाइमचं नाव देणं सरळ चूक ठरेल.

पायरी ८: भाषा-मॉडेलचा कौल

ईएसएम-२ किंवा प्रॉट-टी-५ यांसारखी, सिक्वेन्स भाषेसारखा वाचणारी मॉडेलं कोट्यवधी प्रथिन-सिक्वेन्सवर शिकवलेली आहेत. त्यांनी काढलेल्या आकड्यांवर वर्गीकरण करणारी साधनं फेजसाठी उपलब्ध आहेत. फरोकाच्या जोडीचं ‘फोल्ड’ (Phold) हे साधनही अशाच मॉडेलने सिक्वेन्सवरून थेट फोल्डसीकची अक्षरं काढतं, त्यामुळे पूर्ण रचना भाकित न करताही रचनेचा शोध होतो. मोठ्या जीनोमसाठी हा फार सोयीचा मार्ग आहे. या मॉडेलांकडून ‘शेपटी’, ‘पेशी फोडणारं’ असा वर्ग घ्यावा, नेमकं नाव घेऊ नये. त्यांचा कौल इतर एखाद्या रकान्याशी जुळला तर जमेस धरा. एकट्या कौलावर निष्कर्ष लिहू नका. चूक कुठे झाली हे शोधायला त्यात जागाच नसते.

पायरी ९: पुरावे एकत्र वाचा

समजा, तक्त्यात ९२ अमिनो आम्लांचं एक प्रथिन आहे. सिक्वेन्स, प्रोफाइल, रचना यांपैकी कशालाही हिट नाही. दोन पटलभाग आहेत, पुढचंच जनुक एंडोलायसिन म्हणून पक्कं झालेलं आहे, आणि आणखी तीन दूरच्या फेजमध्ये त्याच जागी तशाच बांधणीचं प्रथिन आहे. निष्कर्ष: संभाव्य होलिन, खात्री मध्यम. शेजारचा पुरावा नसता तर ‘पटलातलं प्रथिन’ यापुढे जाता आलं नसतं.

दुसरं उदाहरण. ४१० अमिनो आम्लं, एचएच-प्रेडवर ९८ टक्के संभाव्यतेने हेलिकेज, पण जुळलेला भाग १४० आम्लांचा. फोल्डसीकही त्याच भागाला एटीपी तोडणाऱ्या घडीशी जोडतं. वॉकर-ए पट्टा शाबूत आहे. उरलेल्या २७० आम्लांची घडी चांगल्या खात्रीची आहे, पण ती कशालाही जुळत नाही. इथे हेलिकेज लिहिण्याचा मोह आवरा. ‘एटीपी-एज डोमेन असलेलं प्रथिन’ एवढंच बरोबर आहे. ते नाव लहान वाटलं तरी त्यावर पुढचा माणूस विश्वास ठेवू शकतो.

पुरावे एकमेकांविरुद्ध गेले तर सरासरी काढू नका. विरोधाचं कारण शोधा. बहुतेकदा एकच प्रथिन दोन डोमेनचं असतं आणि प्रत्येक साधन वेगळ्या डोमेनबद्दल बोलत असतं. जुळलेल्या भागांचे आकडे शेजारी लिहिले की हे लगेच दिसतं.

पायरी १०: पद्धतीचीच परीक्षा घ्या

स्वतःच्या अनोळखी जीनोमवर निष्कर्ष काढण्याआधी हीच सगळी प्रक्रिया लॅम्डा किंवा टी-७ वर चालवा. यांची जनुकं अनेक दशकं प्रयोगांनी तपासलेली आहेत. मात्र शोधातून लॅम्डा स्वतः आणि त्याचे जवळचे नातेवाईक वगळा, नाहीतर उत्तरं आयती मिळतील. मग किती नावं बरोबर आली, किती चुकली, आणि चुकलेल्यांत तुमची खात्री किती होती ते मोजा. ‘मध्यम खात्री’ म्हणजे तुमच्या हाताखाली नेमकं काय, हे या एका चाचणीतून कळतं. खोटे हिट किती येतात हे पाहण्यासाठी काही प्रथिनांच्या अमिनो आम्लांचा क्रम विस्कटून तेही शोधात घाला.

नाव लिहिताना

आंतरराष्ट्रीय नामकरण-संकेतांनुसार सिद्ध न झालेल्या कार्यापुढे ‘संभाव्य’ अर्थाचा शब्द लावता येतो, डोमेनच माहीत असेल तर ‘अमुक डोमेन असलेलं प्रथिन’ असं लिहितात, आणि काहीच हाती लागलं नसेल तर ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ हेच योग्य नाव असतं. जीनबँक या सार्वजनिक सिक्वेन्स-संग्रहात नोंद करताना टिपणाच्या जागेत पुरावा थोडक्यात द्या: कोणतं साधन, कोणता डेटाबेस, कोणती आवृत्ती, किती व्याप्ती, किती आकडा. नाव वाचणारे हजार असतील आणि टिपण वाचणारे दहा, पण चुका दुरुस्त होतात त्या या दहांकडून. तक्ता जपून ठेवा आणि डेटाबेसच्या नव्या आवृत्त्या आल्या की रिकाम्या राहिलेल्या ओळी तेवढ्या पायरी ४ पासून पुन्हा चालवा.